आधी गव्हाण, मग भट्टी

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात कडबा कुणी जाळत नाही. रब्बीची ज्वारी काढली, कणसं खुडली, की पेंढ्या बांधून गंजी रचल्या जातात आणि पुढचा पाऊस पडेपर्यंत घरातल्या सोन्यावर असावी तशी त्या गंजीवर घराची नजर असते. कडबा शेकड्यानं विकला जातो. दुष्काळी वर्षी त्याचा भाव असा चढतो, की शेतकरी ज्वारी पेरतो ती दाण्यासाठी की कडब्यासाठी, हे सांगणं अवघड होतं. बाजरीचं सरमाड, मक्याचा चारा, गव्हाचं काड, तुरी-उडदाचं भुसकट यांतलं काहीच वाया जात नाही. बालाघाटाच्या पायथ्याशी आणि पठारावर पसरलेला हा तालुका दुधावर जगतो, आणि दूध या गंजीतून निघतं.

म्हणून ‘शेतातल्या कचऱ्यापासून इंधन’ ही घोषणा आष्टीत आली, की पहिला प्रश्न पडतो तो कचऱ्याबद्दल. इथला कचरा म्हणजे नेमकं काय? तो आज कुणाच्या कामी येतो? तो उचलून नेला, तर कुणाचं काय जाईल? जैवइंधनाच्या चर्चेत यंत्रं, अनुदानं आणि टक्केवारी भरपूर असते, पण हे तीन प्रश्न कुणी विचारताना दिसत नाही. माझ्या मते तेच आधी विचारायला हवेत. त्यांची उत्तरं मिळाल्यावर आष्टीसारख्या तालुक्यात इंधनाला खरोखर जागा आहे असं मला वाटतं. ती जागा नेमकी कुठं आहे, ते मात्र नीट पाहावं लागतं.

जैवइंधनाची ही सगळी हवा आली ती पंजाब-हरियाणातून. तिथं भात काढल्यावर गव्हाच्या पेरणीला मोजके दिवस उरतात. कंबाइन हार्वेस्टर भाताचा पेंढा रानातच टाकून जातो, आणि हा पेंढा जनावरं फारशा आवडीनं खात नाहीत. मग काडी ओढली जाते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिल्लीचा श्वास कोंडतो. या पेंढ्यासाठी इंडियन ऑइलनं पानिपतला ९०० कोटींहून अधिक खर्च करून दुसऱ्या पिढीच्या इथेनॉलचा कारखाना उभारला. १० ऑगस्ट २०२२ रोजी पंतप्रधानांनी त्याचं लोकार्पण केलं. वर्षाला सुमारे दोन लाख टन पेंढा घ्यायचा आणि त्यातून सुमारे तीन कोटी लिटर इथेनॉल काढायचं, असा तो हिशेब. म्हणजे टनामागे दीडशे लिटर.

त्या कारखान्याचं तंत्रज्ञान मराठी मुलखातलं आहे. प्रमोद चौधरी यांच्या पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजनं ते विकसित केलं आणि त्याचं प्रात्यक्षिक केंद्र २०१७ मध्ये दौंडला सुरू झालं. आष्टीहून दौंड फार लांब नाही. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत प्रा. अरविंद लाली यांच्या गटानंही याच दिशेनं काम केलं, आणि त्यांच्या पद्धतीवरचा प्रात्यक्षिक प्रकल्प २०१६ मध्ये उत्तराखंडात काशीपूरला उभा राहिला.

उसाच्या रसातली साखर यीस्टला सहज आंबवता येते. काडात, कडब्यात, कापसाच्या पऱ्हाटीतही साखर असते, पण ती सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोजच्या लांब साखळ्यांत बांधलेली असते, आणि वरून लिग्निनचा कठीण लेप असतो. आधी आम्ल, वाफ आणि दाब यांनी हा लेप सैल करायचा, मग विकरं घालून साखळ्या तोडायच्या, आणि त्यानंतर आंबवण. विकरं महाग असतात. पाच कर्बाच्या साखरा साधं यीस्ट खात नाही, त्यासाठी वेगळे जीव लागतात. उरलेलं लिग्निन बॉयलरमध्ये जाळून वाफ करायची. प्रयोगशाळेत हे सगळं जमतं. खरी अडचण कारखान्याच्या दाराशी उभी राहते, जिथं शेतातला माल ट्रॉलीतून येऊन पडतो.

अमेरिकेतल्या आयोवाची हकिकत इथं सांगायला हवी. मक्याच्या ताटांपासून इथेनॉल करणारा ‘प्रोजेक्ट लिबर्टी’ तिथं सप्टेंबर २०१४ मध्ये मोठ्या समारंभानं सुरू झाला. २०१९ च्या नोव्हेंबरात त्याचं उत्पादन थांबवावं लागलं. त्याच राज्यातला ड्यूपाँटचा कारखाना तर त्याआधीच बंद पडला होता. गठ्ठ्यांबरोबर माती येते, खडे येतात, कधी माल ओला तर कधी सडका येतो, आणि पहिल्याच टप्प्यात यंत्रं झिजतात. जगातल्या सर्वांत सपाट, सर्वांत यंत्रसज्ज शेतीच्या प्रदेशात हे घडलं. आष्टीची खडकाळ, तुकड्या-तुकड्यांची रानं आणि दोन एकरांचे मालक डोळ्यांसमोर आणले, की पानिपतएवढा कारखाना इथं का शोभणार नाही हे कळतं. एकरी टन धरली, तर दोन लाख टन पऱ्हाटी म्हणजे किमान दोन लाख एकर कापूस. एका तालुक्याच्या आवाक्यातली ही गोष्ट नव्हे.

आपल्या मराठवाड्यातही एक धडा आहे. नांदेड जिल्ह्यात टाटा केमिकल्सनं इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेच्या साथीनं गोड ज्वारीच्या ताटांपासून इथेनॉल काढण्याचा प्रयत्न केला होता. गोड ज्वारी कल्पना म्हणून सुंदर आहे: दाणा माणसाला, रस इंधनाला, चोथा जनावराला. पण ताट कापलं की रसातली साखर भराभर उतरते, आणि तोडणीचा हंगाम अगदी तोकडा. बारा महिने पोट भरायची सवय असलेल्या कारखान्याला हे पीक पुरं पडत नाही. तो प्रयत्न टिकला नाही.

गोड ज्वारीचं नाव निघालं की फलटणला जावंच लागतं.

बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. गोड ज्वारीचा ‘मधुरा’ हा वाण तिथलाच. १९८१ मध्ये अमेरिकेतून परतलेले अभियंते अनिल राजवंशी तिथं आले आणि आयुष्यभर ग्रामीण ऊर्जेवर काम करत राहिले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उसाचं पाचट सुटंच, न दाबता, न बांधता जाळवायूत बदलणारं संयंत्र या संस्थेनं नव्वदच्या दशकात बनवलं. ‘नूरी’ कंदील आणि पाणीमिश्रित अल्कोहोलवर चालणारी शेगडीही तिथंच तयार झाली. शेगडी चांगली होती, पण अल्कोहोल म्हटलं की उत्पादन शुल्काचे नियम आडवे येतात, आणि स्वयंपाकाचं इंधन म्हणून ते घराघरांत पोचवण्याची वाट तिथंच अडते. राजवंशींनी १९९५ च्या सुमारास मांडलेली कल्पना मला आजही सर्वांत शहाणी वाटते. ती अशी, की ऊर्जेचा हिशेब देशाचा किंवा राज्याचा न मांडता तालुक्याचा मांडावा. तालुक्यात काय पिकतं, काय उरतं, किती ऊर्जा लागते, हे समोरासमोर ठेवावं आणि तिथल्या तिथं भागवावं. फलटण तालुका धरून त्यांनी हा आराखडा केला होता.

याच फलटण परिसरात दुसरं काम उभं राहिलं ते डॉ. आनंद कर्व्यांचं. इरावती कर्व्यांचे हे चिरंजीव, आणि बनबिहारी निंबकर हे इरावतीबाईंचे जावई. एकाच घरातली दोन माणसं, आणि दोघांच्याही संस्था उसाच्या पाचटामागे लागलेल्या! कर्वे यांनी १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘आरती’ या संस्थेतून पाचटाचा कोळसा करण्याची भट्टी तयार केली. पाचट पिंपात कोंबायचं, पिंपं भट्टीत ठेवायची, हवा बंद ठेवून तापवायची. पाचटातून निघणारा वायूच पुढची आच पुरवतो. वजनाच्या पाव हिश्श्याच्या आसपास कोळशाचा चुरा मिळतो, तो खळीत मळून त्याच्या कांड्या पाडायच्या. भट्टी शेतातच उचलून नेता येते, त्यामुळे हलकं, अवाढव्य पाचट वाहून न्यायची गरज उरत नाही, फक्त कोळसा बाहेर येतो. या कामाला २००२ मध्ये लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला.

फलटण आणि आष्टी यांच्यात पाण्याचा फरक आहे. फलटणला नीरेचा कालवा आहे, ऊस आहे, म्हणून पाचट आहे. आष्टीकडे सीना नदीचा काठ, मेहकरीसारखी मोजकी धरणं आणि बाकी आभाळ. आष्टीचं पाचटाशी असलेलं नातं दुसऱ्यांच्या फडात जुळतं. दसरा झाला, दिवाळी आली की आष्टी, पाटोदा, शिरूरच्या वाड्या-वस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल घेतलेली, आणि पुढचे पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. उसाच्या शेंड्याचे हिरवे वाढे हा त्यांचा न लिहिलेला हक्क. त्यावर गाडीचे बैल जगतात, आणि उरलेले वाढे विकून रोजच्या तेल-मिठाची सोय होते.

आता साखर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोडणी यंत्रं वाढताहेत, पाचटाचे गठ्ठे बांधून बॉयलरला घालणं सुरू झालं आहे. हे चांगलंच आहे; फड पेटवण्यापेक्षा हजार पटींनी चांगलं. पण उद्या ‘बायोमास’ म्हणून सरसकट सगळंच वजनावर विकलं जाऊ लागलं, तर वाढ्यांचं काय? करारात त्यांचा उल्लेख नाही, म्हणून नुकसानीत तो येणार नाही. आष्टीच्या एखाद्या वस्तीवर त्या वर्षी चार पैसे कमी परत येतील, आणि ते का कमी आले हे कुठल्याही अहवालात सापडणार नाही.

छावण्यांची आठवण इथं अपरिहार्य आहे. २०१८-१९ च्या दुष्काळात राज्यात सर्वाधिक चारा छावण्या बीड जिल्ह्यात होत्या, आणि आष्टी तालुका त्यांत आघाडीवर होता. माणसं जनावरांसोबत महिनोन् महिने छावणीत राहिली. मोठ्या जनावरामागे दिवसाला नव्वद, मग शंभर रुपये सरकार देत होतं. चाऱ्यासाठी तिजोरीतून पैसे मोजणाऱ्या तालुक्यातून कडबा किंवा सरमाड इंधनासाठी उचलायची योजना कुणी आणली, तर ती पहिल्याच बैठकीत परत पाठवावी. याबद्दल माझ्या मनात शंका नाही. २०२३ च्या डिसेंबरात पाऊस कमी झाला म्हणून केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एका फटक्यात निर्बंध आणले. दाणा आणि साखर कमी पडताच पोट आणि टाकी यांत पोट आधी, हे सरकारनं मान्य केलं. जनावराच्या पोटालाही तोच न्याय हवा.

मग उरतं काय? पऱ्हाटी आणि तुराट्या.

दोन्ही लाकडासारख्या. जनावरं त्या खात नाहीत. मातीत लवकर कुजत नाहीत. किलोला साडेतीन ते चार हजार किलोकॅलरी उष्णता, म्हणजे आपल्याकडच्या हलक्या कोळशाच्या तोडीची. भारतीय कोळशात तीस-चाळीस टक्के राख निघते, पऱ्हाटीत ती काही टक्केच असते. कापसाची पऱ्हाटी हेक्टरी दोन ते तीन टन धरतात, म्हणजे एकरी टनाच्या आसपास. हलक्या रानात त्याहून कमी. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं आणि तिच्या नागपूरच्या केंद्रानं पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड, पेलेट आणि ब्रिकेट करण्याची कृती अनेक वर्षांपूर्वीच बसवून दिली आहे. ब्रिकेटला बाजारात ‘पांढरा कोळसा’ म्हणतात. डिंक नको, खळ नको. भुगा केला, ओल दहा-बारा टक्क्यांवर आणली आणि जबर दाबानं ठोकला, की त्याच्यातलंच लिग्निन तापून मऊ होतं आणि कांडी धरते.

ओलीचा हा मुद्दा आष्टीच्या बाजूनं आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. पंजाबचा पेंढा थंडी-धुक्यात भिजतो. वाळवायला वेगळा खर्च येतो. आष्टीत जानेवारीत उपटलेली पऱ्हाटी उघड्यावर पडली, तरी एखादी अवकाळी सर सोडली तर मे महिन्यापर्यंत ती कोरडीच राहते. ज्या कोरड्या हवेनं या तालुक्याला आजवर दुःखच दिलं, तीच इथं फुकटची भट्टी होते.

दुसरं कारण गुलाबी बोंडअळी. २०१७ च्या हंगामात या अळीनं महाराष्ट्रातला कापूस पोखरला, आणि मराठवाडा त्यातून सुटला नाही. तेव्हापासून कृषी विद्यापीठं सांगताहेत, की फरदड घेऊ नका, डिसेंबरअखेर, फार तर जानेवारीत रान मोकळं करा, पऱ्हाटी बांधावर रचून ठेवू नका. न उमललेल्या बोंडांत अळी सुप्त राहते आणि पुढच्या पिकावर उतरते. शेतकऱ्याला हे पटतं, पण पऱ्हाटी उपटायची मजुरी कोण देणार? चिमट्यानं एकेक झाड ओढायचं म्हणजे कंबरडं मोडणारं काम. बरेच जण रोटाव्हेटर फिरवतात किंवा ढीग करून पेटवतात. इंधनाला भाव मिळाला, तर अळीचा बंदोबस्त मजुरीसकट फुकटात होतो. मला तर हेच या धंद्याचं खरं समर्थन वाटतं. विकतची पऱ्हाटी शेतकऱ्याला फार श्रीमंत करणार नाही. वेळेवर रिकामं झालेलं रान मात्र त्याच्या पुढच्या कापसाला वाचवेल.

हा माल जाईल कुठं? औष्णिक वीजकेंद्रांनी कोळशात पाच टक्के बायोमास पेलेट मिसळावेत, असं धोरण केंद्रानं २०२१ मध्ये आणलं. बीड जिल्ह्यातच परळीचं औष्णिक वीजकेंद्र आहे. पाण्याअभावी २०१३ मध्ये अख्खं बंद पडलेलं हे केंद्र दुष्काळाचा अर्थ आष्टीइतकाच जाणतं. तिथला २५० मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेनं चालला, तर दिवसाला ढोबळमानानं चार हजार टन कोळसा खातो. त्याचे पाच टक्के म्हणजे दोनशे टन. एका संचासाठी रोज दोनशे एकरांची पऱ्हाटी. जिल्ह्यात कापूस लाखो हेक्टरांत आहे, त्यामुळे आकडा अशक्य नाही. पण अहिल्यानगर–परळी हा २६१ किलोमीटरचा लोहमार्ग धरला, तर आष्टी अहिल्यानगरपासून ६६ व्या किलोमीटरला. परळी तिथून जवळजवळ दोनशे किलोमीटर. सुटी पऱ्हाटी तर इतकी हलकी, की ट्रॉली मालापेक्षा हवाच जास्त वाहते. ब्रिकेटचे धंदे साधारण तीस ते पन्नास किलोमीटरच्या आतल्या मालावरच तगतात. परळीचा वाटा माजलगाव, वडवणी, धारूर या पलीकडच्या तालुक्यांनी उचलावा.

आष्टीचं तोंड अहिल्यानगरकडे, म्हणजे लोकांच्या बोलण्यातल्या नगरकडे आहे. २३ सप्टेंबर २०२२ रोजी आष्टी–नगर रेल्वे सुरू झाली, आणि १९९५ पासून रखडलेल्या मार्गाचा पहिला तुकडा लोकांच्या कामी आला. बाजार, दवाखाना, कॉलेज, औद्योगिक वसाहत, सगळं नगर. नगर, सुपे, रांजणगाव या पट्ट्यात बॉयलर आहेत, नगर जिल्ह्यात दूध प्रक्रियेचे मोठे प्रकल्प आहेत, आणि बॉयलरला पांढरा कोळसा चालतो. तासाला एक टन कांडी पाडणारं एक यंत्र दिवसाला दहा तास, वर्षाला दोनशे दिवस चाललं, तर दोन हजार टन माल लागेल. अडीच-तीन हजार एकरांची पऱ्हाटी. हे चार-सहा गावांचं गणित आहे, आणि ते गावातल्या शेतकरी उत्पादक कंपनीला झेपेल इतकं आहे. एका ठिकाणी दोनशे कोटींचा कारखाना आणण्यापेक्षा कडा, धानोरा, धामणगाव अशा बाजारगावांच्या आसपास तीन-चार लहान यंत्रं बसणं मला कितीतरी बरं वाटतं. दुधाचं बिल जसं ठरल्या दिवशी मिळतं, तसा पैसा वजनाला रोख मिळाला, तर माल येईल. उधारीवर पहिल्याच हंगामात धंदा बसेल.

तरीही एका गोष्टीनं मन अडखळतं. आज पऱ्हाटी आणि तुराट्या चुलीत जातात. २०१६ नंतर उज्ज्वलाचा सिलिंडर पोचला, पण दुसऱ्यांदा भरायची ऐपत प्रत्येक घरात नसते, आणि बाजरीची भाकरी अजून चुलीवरच होते. भूमिहीन घरातल्या बायका शेतकऱ्याची पऱ्हाटी उपटून देतात आणि मजुरीऐवजी पऱ्हाटीच घेऊन जातात. दोघांची सोय होते, पैसा कुठंच दिसत नाही. पऱ्हाटीला भाव आला, की ही देवघेव मोडेल. शेतकरी म्हणेल, मजुरी घे आणि माल ठेव. त्या बाईला मग मजुरीतून सरपण विकत घ्यावं लागेल. हे टाळायचं असेल, तर उपटणीचा करार गावातल्या महिला बचत गटाला द्यायला हवा, आणि त्यांच्या वाट्याचं सरपण, कांडी असो की काडी, वेगळं काढून मगच ट्रॉली भरायला हवी. आधी लिहून ठेवलेलं नसेल, तर हे कुणी आपणहून करणार नाही.

मातीचा वाटाही राहिला. मराठवाड्याच्या रानात सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास नाहीतर खालीच रेंगाळतो. पानगळ, धसकटं, भुसकटाचा चुरा रानातच राहायला हवा. कर्व्यांच्या भट्टीसारखी सोय असेल, तर कोळशाचा बारीक चुरा शेणखतात मुरवून रानात परत देता येतो. मागच्या काही वर्षांत कॉम्प्रेस्ड बायोगॅसचा बोलबाला झाला आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘सतत’ योजना आली तेव्हा पाच हजार प्रकल्पांचं स्वप्न होतं. ते कागदावरच्या मुदतीत पुरं झालं नाही. आष्टीपुरतं बोलायचं तर गोबर मुबलक आहे, आणि बाजारात सडणारा कांदा, भाजीपालाही आहे. बायोगॅसची स्लरी रानात परत येते, हा त्याचा मोठा गुण. पण त्यात कडबा कुटून घालण्याचा मोह कुणाला होऊ नये.

हे सगळं गणित बदलेल ते खुंटेफळमुळे. कृष्णा-मराठवाडा योजनेतून उजनीचं पाणी आष्टीच्या खुंटेफळ साठवण तलावात आणायचं काम चालू आहे. पाणी आलं की ऊस येईल; मराठवाड्यात आजवर प्रत्येक पाण्यामागून तो आला आहे. मग आष्टीच्या रानात आष्टीचंच पाचट पडेल, आणि ज्या माणसांनी आयुष्यभर दुसऱ्यांचा फड तोडला, त्यांच्या घराजवळ तोड लागेल. वाढे, पाचट आणि भट्टी यांची वाटणी त्या आधी ठरवायला वेळ आहे.

पऱ्हाटीसाठी मात्र वेळ थोडा आहे. वेचणी संपून रान मोकळं करायचा महिना जानेवारी. तोवर कुट्टी यंत्र भाड्यानं मिळायला हवं, वजनकाटा ठरायला हवा, नगरच्या एखाद्या बॉयलरवाल्याशी दराचा कागद व्हायला हवा. गावसभेत पाटीवर प्रत्येक शेताची पऱ्हाटी, तिच्यातला चुलीचा वाटा आणि उरलेला माल हे तीन रकाने आखायला एक सकाळ पुरते, आणि त्यासाठी कुणाच्या मंजुरीची गरज नाही.